मदत हवी आहे: लेबलचं अ‍ॅग्रीमेंट आलंय, सही करू का नको? (रॅपर + प्रोड्युसर, कोल्हापूर)

तालीमवाला_एमसी

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागणार आहे, पण अर्धवट सांगून उपयोग नाही म्हणून सगळंच लिहितो. मी मंगळवार पेठेतला, दिवसा शिरोली एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आणि रात्री रॅप. लिहितो मीच, बीट मीच करतो, मिक्स पण मीच, एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर. लेबल नाही, मॅनेजर नाही, डिस्ट्रिब्युटरला वर्षाचे पैसे भरून गाणी सगळीकडे टाकतो.

आता झालंय असं की या सिझनला आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमवर एक गाणं केलं. बाहेरच्यांना हे सांगून पटत नाही, पण शाहू स्टेडियमवर पेठेपेठेची मॅच असली की इथं क्रिकेटला कोण विचारत नाही. गाणं रील्सवर लई फिरलं, समोरच्या टीमवाली पोरं पण शिव्या घालत घालत वापरायली. बीटमध्ये खरी हलगी आहे, सॅम्पल नाही. कुस्तीच्या मैदानात वाजवणारे एक मामा आहेत त्यांना घरी बोलवलं. त्यांनी आधी गच्चीवर कागद पेटवून हलगी शेकली, मग खाली खोलीत येऊन वाजवली, आणि प्रत्येक दोन-तीन टेकनंतर कातडं गार होऊन सूर खाली यायचा, की परत गच्चीवर. शेवटी वेगवेगळ्या टेकचा पिच जुळवण्यात माझी रात्र गेली, पण असला आवाज कुठल्या तयार सॅम्पलच्या पॅकमध्ये मिळत नाही.

तर मुंबईच्या एका लेबलचा मेल आला. ६० हजार एकरकमी देतो म्हणतात. कागदात असं आहे की गाण्याचे सगळे हक्क जगभर आणि कायमचे त्यांचे, स्टेम्स (प्रत्येक वाद्याचे आणि आवाजाचे वेगवेगळे ट्रॅक) आणि प्रोजेक्ट फाइल द्यायची, पुढची ३ वर्षं जे काय करीन ते आधी त्यांना दाखवायचं, माझं रॅपचं नाव त्यांना वापरता येणार, आणि गाण्यावर कुणाचा क्लेम आला तर खर्च माझा.

घरी पप्पा म्हणतात घेऊन टाक, गाण्याचे कोण एवढे पैसे देतंय. माझे प्रश्न: मी नेमकं काय विकतोय? उद्या स्टेजवर माझंच गाणं म्हणायला यांना विचारायचं का? हलगीवाल्या मामांना मानधन दिलंय पण कागद काय केलेला नाही, त्याचं काय? आणि बीटमध्ये एक सिंथचा लूप रॉयल्टी फ्री पॅकमधला आहे, त्याच्यावरनं यूट्यूबला कुठल्यातरी परदेशी गाण्याचा कंटेंट आयडी क्लेम आलाय (यूट्यूबची सिस्टीम आपोआप आवाज जुळवून दुसऱ्याच्या नावानं हक्क सांगते ते). पॅक विकत घेतलाय, पावती आहे. वकील परवडंल का माहीत नाही म्हणून आधी इथं विचारतोय.

उद्यमनगर_बास

भावा घे पैसे. वाईट वाटून घेऊ नको, पण फुटबॉलचं गाणं सिझनपुरतं, पुढच्या वर्षी नवीन गाणं येणार आणि हे मागं पडणार. स्ट्रीमिंगचं गणित बघ, स्पॉटिफाय २०२४ पासून मागच्या १२ महिन्यांत १००० स्ट्रीम झाल्याशिवाय त्या गाण्याची रॉयल्टीच मोजत नाही, आणि मोजली तरी आपल्यासारख्यांना चहाचं बिल निघतंय. ६० हजारात चांगला माइक, इंटरफेस आणि खोलीला थोडं ट्रीटमेंट होतंय. फक्त ते ३ वर्षांचं आणि नावाचं काढायला लाव, ते सोडून बाकी मला तर काय वाईट दिसंना.

कागदपत्र_काका

उद्यमनगरशी अर्धाच सहमत. मी वकिलाच्या हाताखाली करारांचंच काम करतो, तरी सही करण्याआधी एकदा वकिलाला दाखवच, कागद वाचायला कोण लाख रुपये घेत नाही.

आधी हे समजून घे की या गाण्यात तू एकटा चार माणसं आहेस. शब्द लिहिणारा, चाल-बीट बांधणारा, रेकॉर्डिंगची जबाबदारी आणि खर्च उचलणारा निर्माता, आणि म्हणणारा. या चौघांचे हक्क वेगवेगळे. मास्टर म्हणजे तिसऱ्याचं, ते रेकॉर्डिंग. कायद्यात ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो, म्हणजे आज तू, आणि तो हक्क प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं चालतो. शब्द आणि संगीताचा हक्क तर तुझ्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. हे सगळं ते ६० हजारात मागायलेत.

कॉपीराइट कायदा १९५७, कलम १८ आणि १९ वाचून काढ. हक्क द्यायचे तर लेखी आणि तुझ्या सहीनं, त्यात कुठलं काम, कुठले हक्क, किती वर्षं, कुठल्या प्रदेशात हे स्पष्ट पाहिजे. मुदत लिहिलेली नसली तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसला तर फक्त भारत. म्हणून तर त्यांनी 'कायमचे' आणि 'जगभर' मुद्दाम घातलंय. अजून एक, घेतलेला हक्क त्यांनी वर्षभरात वापरलाच नाही तर तो सुटतो, पण कागदात उलटं लिहिलेलं असलं तर नाही, तेव्हा तसली ओळ आहे का शोध.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गाण्याच्या शब्द-संगीताच्या रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा गीतकार-संगीतकाराला सोडून देताच येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला देता पण येत नाही, आणि तसं लिहून घेतलं तरी ते रद्दच. तो वाटा गोळा करणारी सोसायटी म्हणजे आयपीआरएस. तिथं गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून मेंबर हो आणि गाणं रजिस्टर कर. डिस्ट्रिब्युटर तुला देतोय ते मास्टरचे पैसे, लिहिणाऱ्याचे वेगळे असतात आणि आपली निम्मी पोरं ते मागायलाच जात नाहीत.

स्टेजचं विचारलंस. लाइव्ह म्हणण्याचा हक्क शब्द-संगीताबरोबर येतो, तो लिहून दिलास तर उद्या ते अडवू शकतात. 'कलाकाराला स्वतःचं गाणं कुठंही परवानगीशिवाय सादर करता येईल' एवढी एक ओळ घालून घे.

पन्हाळा_नॉइज

काकांनी कायद्याचं सांगितलं, मी क्लेमचं सांगतो कारण तुझ्या कागदात खरा धोका मला तिथंच दिसतोय. 'क्लेम आला तर खर्च माझा' आणि गाण्यावर आत्ता क्लेम उभा आहे, हे दोन्ही एकत्र ठेवून सही करू नको.

यूट्यूबला डिस्प्यूट टाक, कारणात लायसन्स निवड, पॅकचं नाव आणि लायसन्सची ओळ चिकटव. समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात. चॅनल मॉनेटाइज असलं तर क्लेम आल्यापासून ५ दिवसांच्या आत डिस्प्यूट टाकला की पहिल्या दिवसापासूनचे पैसे बाजूला राखून ठेवतात, नंतर टाकला तर टाकलेल्या दिवसापासून.

पण जिंकलास तरी प्रश्न संपत नाही. तो लूप हजार जणांकडं आहे. लेबल गाणं घेतल्या घेतल्या कंटेंट आयडीत टाकणार, आणि असा लूप असलेलं गाणं तिथं टाकायचंच नसतं, कारण मग तुझं गाणं दुसऱ्याच कुणाला तरी क्लेम मारत सुटतंय. तो सिंथ स्वतः वाजवून बदल, तुला तासाभराचं काम आहे. मात्र बदललेलं व्हर्जन म्हणजे नवीन रेकॉर्डिंग, त्याला नवीन आयएसआरसी कोड (प्रत्येक रेकॉर्डिंगचा ओळख नंबर) घ्यावा लागंल आणि जुन्या अपलोडचे स्ट्रीम त्याच्यावर येणार नाहीत. मला विचारशील तर हे तुझ्या फायद्याचंच आहे, जुनं मास्टर तुझ्याकडं ठेव, नवीन व्हर्जन त्यांना दे. फक्त हे त्यांना उघड सांगून कागदात लिहून घे.

प्रोजेक्ट फाइल तर अजिबात देऊ नको. स्टेम्स ठीक आहेत, रिमिक्सला लागतात. पण प्रोजेक्ट फाइलमध्ये तुझे ड्रम, तुझी इफेक्टची चेन, हलगीचे कच्चे टेक सगळंच जातंय.

तालीमवाला_एमसी

काका, नॉइज दादा, लई उपकार. कागद परत वाचला, वर्षभरात वापरला नाही तरी हक्क त्यांच्याकडंच राहणार असली ओळ खरंच आहे, कोपऱ्यात. उद्यमनगर भावा तुझं पण पटतंय, सिझन संपला की गाणं थंड पडणार हे मला पण माहीत आहे, म्हणूनच तर घाई वाटायली. मामांचं मात्र कोणी बोललं नाही.

कागदपत्र_काका

राहिलं खरं. वादकालाही परफॉर्मर म्हणून हक्क असतो, ५० वर्षांचा. लेबल विचारणारच की हलगी कुणाची, कागद दाखवा. एक पान पुरे, मराठीतच लिही: त्यांचं नाव, गाणं, तारीख, किती मानधन दिलं, रेकॉर्डिंग कुठं कुठं वापरायला त्यांची परवानगी आहे, क्रेडिटमध्ये नाव येणार. त्यांना मोठ्यानं वाचून दाखव, मग सही घे, दोन साक्षीदार घे. आणि ६० हजार आले तर त्यातले थोडे त्यांना जाणार हे पण त्यातच लिहून टाक, कायदा सांगतो म्हणून नाही, त्यांच्या हलगीवरच तर गाणं उभं आहे.

उद्यमनगर_बास

मामांच्या बाबतीत काकांना पूर्ण सहमत. बाकी पैसे हातात ६० येणार नाहीत हे पण पप्पांना सांगून ठेव, १० टक्के टीडीएस कापतील. तुझा कर तेवढा होत नसला तर रिटर्न भरलास की जास्तीचा परत मिळतोय, पॅन आधार लिंक आहे ना बघ.

तालीमवाला_एमसी

अपडेट. मेल टाकला होता: विक्री नाही, फक्त या एका गाण्याच्या नवीन व्हर्जनचं ५ वर्षांचं लायसन्स, लाइव्ह माझ्याकडं, प्रोजेक्ट फाइल नाही, पुढच्या गाण्यांचं आणि नावाचं कलम बाद. फोन आला. नाव आणि ३ वर्षांचं सोडायला तयार आहेत, लाइव्हला पण हरकत नाही. मुदत मात्र १० वर्षं म्हणतात आणि पैसे ४० वर आणले. काय करू?

पन्हाळा_नॉइज

१० वर्षं द्यायची तर ४० अ‍ॅडव्हान्स म्हणून घे, ते वसूल झाल्यावर मास्टरच्या कमाईत निम्मा वाटा आणि दर ६ महिन्यांनी हिशोब. नाहीतर ५ वर्षं आणि ४० एकरकमी. दोन्हीतलं एक त्यांनी निवडू दे, तू गप बस.

तालीमवाला_एमसी

हेच लिहून पाठवतो. मामांचा कागद रविवारी करतोय, दोन्ही साक्षीदार तालमीतलेच. कुणाकडं असल्या लायसन्स कराराचा मराठी किंवा इंग्रजी नमुना असला तर नावं खोडून इथं टाका प्लीज, वकिलाकडं जाताना हातात काहीतरी पाहिजे.