कपाळ मोठे होऊ लागते तेव्हा : तरुण वयातील केसगळतीचे अनुभव

पंचविशीच्या आतच ज्यांचे केस विरळ होऊ लागले, अशा पुरुषांनी आणि त्यांच्या घरच्यांनी आपापला अनुभव येथे लिहावा, अशी विनंती आहे. केव्हा लक्षात आले, तेव्हा काय केले आणि आज कशाची चुटपुट लागून राहिली आहे, एवढे लिहिले तरी पुरे. दवाखान्यांची व विक्रेत्यांची नावे लिहू नयेत, आणि एकाला आलेला गुण दुसऱ्याने डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखा वाचू नये.

सुरुवात माझ्यापासून करतो. एकविसाव्या वर्षी आरशात कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेले दिसले आणि मी लगेच भांग बदलला. पुढची सहा वर्षे मी केसांवर उपचार केले नाहीत, केवळ ते झाकण्याची व्यवस्था केली. वारा येईल अशा खिडकीशेजारी बसायचे नाही, पोहायला जायचे नाही, छायाचित्रात मागच्या रांगेत उभे राहायचे आणि डोक्यावर थेट दिवा असेल तर खुर्ची सरकवायची, हे सगळे इतके अंगवळणी पडले होते की सत्ताविसाव्या वर्षी अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा ‘किती दिवसांपासून गळतात?’ या प्रश्नाला माझ्या तोंडून ‘सहा महिने’ असे उत्तर आले. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि कागदावर काहीच लिहिले नाही. खरे उत्तर द्यायला मला आणखी दोन मिनिटे लागली. आज उपलब्ध असलेली औषधे गेलेले परत आणण्यापेक्षा असलेले टिकवण्यात अधिक उपयोगी पडतात, हे तेव्हा कळले. म्हणजे ज्या सहा वर्षांत टिकवण्यासारखे बरेच होते, नेमकी तीच मी भांग बदलण्यात घालवली.

वय २०

माझा अनुभव थोडा हास्यास्पद आहे, तरीही लिहितो. अठराव्या वर्षापासून मी दर रविवारी दोन भुवयांच्या मधोमध पट्टी लावून केसांच्या सुरुवातीपर्यंतचे अंतर मोजत असे आणि वहीत नोंदवत असे. एका आठवड्यात पाच मिलिमीटर वाढ दिसली, तेव्हा मला रात्रभर झोप लागली नाही. डॉक्टरांनी वही शांतपणे पाहिली आणि मला भुवया उंचावायला सांगितल्या. कपाळाची कातडी हलली आणि माप तिथल्या तिथे बदलले. लहानपणची सरळ व खाली असलेली केसांची रेषा सतरा-अठराव्या वर्षापासून तिशीपर्यंत थोडी वर सरकते आणि तिला दोन्ही बाजूंनी हलका बाक येतो, ही पुष्कळ पुरुषांत होणारी साधी वाढ आहे, असे त्यांनी समजावले. टक्कल पडू लागले असेल तर भिंगातून पाहताना एकाच जागी जाड आणि बारीक केसांची सरमिसळ दिसते. माझे केस सारख्याच जाडीचे निघाले. वर्षातून एकदा, त्याच जागी व त्याच प्रकाशात छायाचित्र काढ, एवढेच त्यांनी सांगितले. वही मी अजून टाकलेली नाही.

वय २८, त्वचारोगशास्त्राचा विद्यार्थी

माझ्या स्वतःच्या कपाळाचे कोपरे बरेच मागे गेलेले असल्यामुळे रुग्ण माझे बोलणे जरा विश्वासाने ऐकतात, हा या विकाराचा मला झालेला एकमेव फायदा.

डोक्यावरचा प्रत्येक केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवडे थबकतो, सुमारे तीन महिने विश्रांती घेतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. म्हणून दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे हे निरोगीपणातच मोडते आणि उशीवरचे केस मोजून काहीही सिद्ध होत नाही. पुरुषी टकलात केस गळण्यापेक्षा आकसतात, हे लक्षात घ्यायला हवे. टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून ५-अल्फा रिडक्टेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक तयार होते, आणि ज्यांची केशमुळे आनुवंशिकतेने त्याला संवेदनशील असतात त्यांच्यात वाढीचा काळ दर फेरीत आखूड होत जातो, केस बारीक, तोकडा आणि फिका होतो, शेवटी लव उरते. मागच्या आणि कानांवरच्या केसांवर हा परिणाम सहसा होत नाही, म्हणून ती झालर टिकते.

जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवून दिले की वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले होते त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, मात्र त्यांतील ज्यांच्या घराण्यात टक्कल होते त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर ते पडू लागते. संप्रेरक आणि वारसा, दोन्ही जुळून यावे लागतात. ओ’टार नॉर्वुड या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९७५ मध्ये हॅमिल्टनच्या वर्गवारीत सुधारणा करून सात पायऱ्या ठरवल्या. डॉक्टर कागदावर जो आकडा लिहितात तो हाच. हेल्मेट, टोपी आणि पाणी यांच्यावर आळ घेणारे रुग्ण मला रोज भेटतात. या बिचाऱ्या वस्तूंचा त्यात दोष नसतो.

वय २६

मिनॉक्सिडिल मी दोनदा सुरू केले आणि त्यातली पहिली वेळ पूर्णपणे वाया घालवली. ते मुळात रक्तदाबाचे औषध. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसल्यावर डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एवढे वाचून मी बाविसाव्या वर्षी कोणालाही न विचारता बाटली आणली. चौथ्या आठवड्यात केस आधीपेक्षा जास्त गळू लागले, मी घाबरलो आणि सहाव्या आठवड्यात बाटली फेकून दिली. विश्रांतीत असलेल्या मुळांना औषध नव्या फेरीत ढकलते आणि त्यामुळे जुने केस आधी पडतात, म्हणजे जी गळती पाहून मी पळालो ती औषध काम करू लागल्याची खूण असू शकते, हे मला दोन वर्षांनी डॉक्टरांकडून कळले.

दुसऱ्या वेळी सहा महिने तग धरली. टाळूवरचे केस दाट झाले. कपाळाच्या कोपऱ्यांत मात्र बारीक लवेपलीकडे काही आले नाही. औषध थांबवले की मिळालेला गुण काही महिन्यांत ओसरतो, हे मान्य करूनच ते सुरू करावे, नाहीतर प्रत्येक प्रवासात बाटली विसरल्यावर जीव टांगणीला लागतो. आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती : हे द्रावण मांजरांसाठी अतिशय विषारी आहे. आमचे मांजर माझ्या उशीवर झोपते, म्हणून मी आता ते झोपण्याच्या बरेच आधी लावतो, हात धुतो आणि उशीचा अभ्रा रोज बदलतो.

वय ३१

फिनास्टेराइडविषयी लिहायला लोक कचरतात, म्हणून मी लिहितो. या औषधामागची हकिगत मला विलक्षण वाटते. डॉमिनिकन प्रजासत्ताकात काही कुटुंबांतील मुलांमध्ये वर उल्लेखलेले ५-अल्फा रिडक्टेज हे विकर जन्मतःच कमी होते. १९७४ मध्ये त्यांच्यावरील संशोधन प्रसिद्ध झाले, आणि त्या मुलांची मोठेपणी प्रोस्टेट ग्रंथी लहान राहते व केसांची रेषा मागे जात नाही हे लक्षात आले. त्या विकराला अडवणारी ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ मध्ये प्रोस्टेटसाठी आणि १ मिलिग्रॅमची १९९७ मध्ये केसांसाठी अमेरिकेत मान्य झाली.

मी चोविसाव्या वर्षी सुरुवात केली. गळती थांबली, पण तिसऱ्या महिन्यात लैंगिक इच्छा स्पष्टपणे कमी झाली. चाचण्यांमध्ये असा त्रास थोड्याच जणांना झाल्याचे आढळले आहे, हे मला ठाऊक होते. मात्र त्या थोड्यांत आपण आहोत हे डॉक्टरांना सांगायला मी दोन महिने लावले. त्यांनी गोळी बंद केली आणि सुमारे दोन महिन्यांत सारे पूर्ववत झाले. गोळी थांबवल्यानंतरही तक्रारी राहिल्याचे काही पुरुष सांगतात, त्यामुळे माझे लवकर निवळले म्हणून सर्वांचे निवळेल असे मी म्हणणार नाही. मनाची उदासीही नोंदवलेल्या दुष्परिणामांत आहे. ती आली तर केसांमुळे वाटते आहे असे समजून गप्प बसू नये.

वय ३०, वरील अनुभवाला जोडून

मी तीच गोळी सहा वर्षे घेत आहे आणि मला कोणताही त्रास झाला नाही. तुमचा अनुभव खोटा ठरावा म्हणून हे लिहीत नाही. एक भर घालतो. गोळी चालू असताना आणि बंद केल्यावरही काही काळ रक्तदान करू नये, कारण ते रक्त गर्भवतीला दिले गेले तर पुरुष गर्भाच्या वाढीला धोका पोहोचू शकतो. गर्भवतीने फुटलेली गोळी हाताळूही नये. घरात पत्नी गरोदर असताना मी डबी वेगळ्या कपाटात ठेवत असे.

वय २३

माझे केस टकलामुळे गेलेच नव्हते. जोराच्या तापातून उठल्यावर अडीच महिन्यांनी कंगव्यात पुंजकेच्या पुंजके येऊ लागले, आणि तापाचा यात संबंध असेल असे मनातही आले नाही. मी केसांसाठी म्हणून बायोटिन या जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या सुरू केल्या. पुढे रक्त तपासले तर थायरॉइड जास्त काम करीत असल्याचे दिसले. डॉक्टरांनी विचारले, ‘कसल्या गोळ्या घेता?’ बायोटिनमुळे काही रक्तचाचण्यांचे आकडे चुकीचे येऊ शकतात. गोळ्या बंद करून पुन्हा तपासले तेव्हा थायरॉइड व्यवस्थित होते. मोठे आजारपण, शस्त्रक्रिया किंवा वजन झपाट्याने उतरणे यांनंतर दोन-तीन महिन्यांनी सर्व डोक्यावरून सारखे केस गळतात आणि बहुधा आपोआप परत येतात. माझे आठ महिन्यांत आले. (नाण्याएवढी गुळगुळीत चकती पडली तर ती चाई असते, तो वेगळाच विकार आहे आणि माझ्या मित्राने त्यावर वर्षभर चुकीचे औषध लावले.)

एक आई

माझा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. माझ्या वडिलांना तिशीतच टक्कल पडले होते, त्यामुळे घरात ‘आजोळकडून आले’ हे वाक्य इतक्यांदा म्हटले गेले की मला ते माझेच काही चुकल्यासारखे वाटू लागले. अँड्रोजेन ग्राहीचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाचे, जनुक एक्स गुणसूत्रावर असते व ते मुलाला आईकडून मिळते, हे खरे आहे. पण टकलाशी संबंधित इतर पुष्कळ जनुके दोन्हीकडून येतात. माझ्या दोन सख्ख्या भावांपैकी एकाला टक्कल आहे आणि दुसऱ्याचे केस साठीतही दाट आहेत, मग आजोळ नेमके कोणाच्या डोक्यावर उतरले?

मला सांगायचे आहे ते मात्र माझ्याविषयी. ‘लवकर झोपत जा’, ‘इतका विचार करू नकोस’ असे मी त्याला दिवसातून दहादा सांगत असे, जणू केस त्याच्या बेशिस्तीमुळे जात होते. एकदा जेवताना एका नातेवाइकांनी थट्टा केली, सगळे हसले, मीही हसले, आणि तो ताटावरून उठला. त्या दिवसापासून मी केसांचा विषय काढणे बंद केले. तीन आठवड्यांनी तोच म्हणाला, ‘आई, डॉक्टरांकडे माझ्याबरोबर येशील का?’

वय २९

बाविसाव्या वर्षी मी केशरोपण करून घेतले. घाई माझी होती, पण नको म्हणण्याचे काम समोरच्यांचे होते आणि ते त्यांनी केले नाही. मागचे केस पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच टिकाऊ राहतात, हे नॉर्मन ऑरेंट्राइक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये मांडलेले तत्त्व मला अभिमानाने समजावण्यात आले. त्याची दुसरी बाजू कोणी सांगितली नाही : लावलेले टिकतात, पण त्यांच्या मागचे मूळचे केस आपल्या वाटेने जातच राहतात. मी शाळकरी वयातल्या छायाचित्रासारखी खाली रेषा मागितली आणि तशी मिळाली.

लावलेले केस पहिल्या महिन्यात गळले, चौथ्या महिन्यापासून उगवले, वर्षभरात छान दिसू लागले. ती दोन वर्षे मी खरोखर आनंदात होतो, हेही लिहायला हवे. सव्विसाव्या वर्षापर्यंत मात्र पुढे दाट पट्टी, तिच्यामागे मोकळे मैदान आणि मग मागचे केस, असे डोके झाले. भरून काढायला दुसरी शस्त्रक्रिया करावी लागली आणि तिच्यातही सगळे झाकले गेले नाही, कारण मागून काढता येणाऱ्या केसांचा साठा मर्यादित असतो आणि एकदा काढलेला केस तिथे पुन्हा उगवत नाही. दुसऱ्या शल्यविशारदांनी आधी वर्षभर औषधाने गळती रोखली, मगच सुई हातात घेतली. पहिल्या ठिकाणी मला माझ्या वडिलांचे किंवा मामांचे डोके कसे आहे, हे एकदाही विचारले गेले नव्हते.

वय २७

मी दोन वर्षे औषधे घेतली, थोडा गुण आला, कंटाळा त्याहून जास्त आला, आणि एका रविवारी ट्रिमर घेऊन सगळे उतरवले. धाडस वगैरे नव्हते. कानामागे लहानपणी पडल्याची एक खूण सापडली, जी आम्ही सगळेच विसरलो होतो. पहिल्याच आठवड्यात टाळू उन्हाने भाजून सोलवटली, म्हणून आता चेहऱ्याबरोबर डोक्यालाही सनस्क्रीन लावतो. सवयीने हात अजून कंगव्याकडे जातो.

त्या रविवारी सतरा वर्षांचा धाकटा भाऊ दारात उभा राहून पाहत होता. ‘दादा, माझेही जाणार का?’ त्याने विचारले. मी म्हणालो, ‘सांगता येत नाही. पातळ वाटायला लागले तर मला सांग, आपण दोघे जाऊ डॉक्टरांकडे.’ तो काही वेळ गप्प उभा राहिला. मग ट्रिमर माझ्या हातातून घेऊन, मला मान खाली घालायला लावून, मागे माझ्या हाताला न सापडलेले केस त्याने काढून दिले.