संध्याकाळ कोणी आखावी: वाहिनीने की प्रेक्षकाने?

चर्चाप्रस्ताव

ब्रिटिश दूरचित्रवाणीवर एकाच संध्याकाळी बातम्या, नाटक, विज्ञान, संगीत आणि खेळ असे भिन्न प्रकृतीचे कार्यक्रम एकापाठोपाठ दाखवले जात. वाहिन्या मोजक्याच असल्यामुळे ही पद्धत नाइलाजाने आली, असे आज सर्रास म्हटले जाते. मला ते मान्य नाही, आणि त्याचा पुरावा बीबीसी टूच्या पहिल्याच वर्षात सापडतो. २० एप्रिल १९६४ रोजी ही वाहिनी सुरू व्हायची होती आणि त्या संध्याकाळी ‘किस मी, केट’ ही संगीतिका, सोव्हिएत विनोदी नट अर्कादी रायकिन यांचा कार्यक्रम आणि आतषबाजी असा बेत होता. पण बॅटरसी वीजकेंद्रातील आगीमुळे पश्चिम लंडनचा वीजपुरवठा बंद पडला आणि प्रेक्षकांच्या वाट्याला अलेक्झांड्रा पॅलेसमधून दिलेल्या बातम्या तेवढ्या आल्या.

ही हकिगत पुष्कळांना ठाऊक असते, परंतु पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पहिले नियंत्रक मायकेल पीकॉक यांनी आठवड्याचे वार विषयवार वाटून दिले होते: मंगळवार शिक्षणाचा, बुधवार पुनःप्रक्षेपणाचा, याप्रमाणे. ज्याला तो विषय नको, त्याने त्या रात्री वाहिनी लावूच नये, असाच या रचनेचा अर्थ होत होता, आणि ती लवकरच गुंडाळावी लागली. १९६५ मध्ये डेव्हिड ॲटनबरो नियंत्रक झाले. केनेथ क्लार्क यांची कलेतिहासावरील तेरा भागांची ‘सिव्हिलायझेशन’ ही मालिका आणि स्नूकरची ‘पॉट ब्लॅक’ ही स्पर्धा, दोन्ही त्यांच्याच पुढाकाराने आकाराला आल्या आणि १९६९ मध्ये एकाच वाहिनीवर दिसल्या. आपण होऊन जे कधी निवडले नसते ते प्रेक्षकासमोर आणणे हे संपादकाचे काम आहे, आणि प्रेक्षकांकडून घेतलेल्या परवाना शुल्कावर चालणाऱ्या बीबीसीसारख्या संस्थेने ते सोडून सारी भिस्त आयप्लेअरवर, म्हणजे हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा पाहू देणाऱ्या आपल्या ऑनलाइन सेवेवर, ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रतिसाद (विरोधी)

आपण दिलेला पुरावा आपला निष्कर्ष पेलत नाही. बीबीसी टू पाहण्यासाठी ६२५ रेषांचा नवा संच लागत असे आणि आरंभी तिचे प्रक्षेपण लंडन व आसपासच्या भागापुरतेच होते. अशा वाहिनीच्या पहिल्या काही महिन्यांतील अपयशाचे खापर विषयवार रचनेवर फोडणे योग्य नाही. शिवाय ज्याला आपण संपादन म्हणता, त्यात पालकत्वाचा आग्रह किती होता हेही पाहावे. फेब्रुवारी १९५७ पर्यंत सायंकाळी सहा ते सात या वेळात पडदा कोरा ठेवला जात असे, आणि तो कशासाठी, तर आयांना मुले झोपवता यावीत म्हणून! सप्टेंबर १९५५ मध्ये जाहिरातींवर चालणारी आयटीव्ही ही खासगी वाहिनी आली आणि जिथे निवडीची सोय झाली तिथे बहुसंख्य प्रेक्षक तिच्याकडे वळले. पुढे बीबीसीने आपल्या दोन वाहिन्यांवरील काही कार्यक्रम एकाच वेळी संपतील अशी व्यवस्था केली, ती प्रेक्षकाला वाहिनी बदलणे सोपे जावे यासाठीच. निवड हवी, हे आखणाऱ्यांनाही कळत होते. आज ती निवड पूर्णपणे प्रेक्षकाच्या हाती आली आहे, एवढेच.

दुसरा प्रतिसाद

मिश्र संध्याकाळीचे तत्त्व मला पटते, परंतु त्या मिश्रणात कोणाला जागा मिळाली हा प्रश्न दोघांनीही टाळला आहे. भारत-पाकिस्तानातून आलेल्या कुटुंबांसाठी बीबीसीने १९६८ पासून हिंदी-उर्दूत ‘नई ज़िंदगी नया जीवन’ हा कार्यक्रम चालवला, पण तो दाखवला जाई रविवारी सकाळी. ब्रिटनमधील मराठी घरांनाही संध्याकाळच्या कार्यक्रमांत स्वतःचे जगणे क्वचितच दिसत असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये चॅनल फोर हे नवे दूरचित्रवाणी केंद्र आले, तेव्हा आयटीव्हीकडून दुर्लक्षित राहिलेल्या आवडीनिवडींची दखल घेण्याचे बंधन कायद्यानेच त्याच्यावर होते, आणि त्यामुळेच ‘ईस्टर्न आय’सारखा आशियाई प्रेक्षकांचा कार्यक्रम उभा राहू शकला. संपादकाच्या सद्भावनेवर विसंबून विविधता येत नाही. तिला कायद्याचा आधार लागतो.

प्रस्तावकाचे उत्तर

दुसऱ्या प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि असे कायदेशीर बंधन बीबीसी टूवरही असावे असे मला वाटते. मात्र ते पाळायचे तर आधी संध्याकाळ नावाची आखलेली वेळ शिल्लक राहिली पाहिजे; हजारो कार्यक्रमांच्या साठ्यात एखाद्या समाजाचा कार्यक्रम ठेवला, तर तो रविवार सकाळपेक्षाही दूर जाऊन पडतो.

पहिल्या प्रतिसादाविषयी इतकेच म्हणतो की, संच थोडे होते यावरून प्रेक्षकसंख्या कमी का होती ते कळते, पण संच वाढल्यानंतरही ती वाहिनी विषयवार रचनेकडे परत का गेली नाही, ते कळत नाही. दोन कार्यक्रम एकाच वेळी संपवण्याच्या व्यवस्थेतही प्रेक्षकापुढे दोन आखलेल्या संध्याकाळींतील निवड होती, आणि ती कोणीतरी विचारपूर्वक मांडलेली होती. स्नूकरचेच पाहा. रंगीत प्रक्षेपण १ जुलै १९६७ रोजी बीबीसी टूवर सुरू झाल्यामुळे रंगीत चेंडूंचा हा खेळ पडद्यावर शोभू लागला, हे खरे. पण १९६९ मध्ये आवडीनुसार कार्यक्रम निवडायला सांगितले असते, तर स्नूकर मागणारे कितीसे निघाले असते? १९८५ च्या एप्रिलमध्ये डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांचा जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना मध्यरात्र उलटून गेल्यावर संपला, तेव्हा बीबीसी टूवर १ कोटी ८५ लाख लोक तो पाहत होते.

पहिल्या प्रतिसादकाचे प्रत्युत्तर

त्या रात्री ब्रिटनमध्ये चारच वाहिन्या होत्या, हे आपण सांगितले नाही.

प्रस्तावक

चार होत्या, म्हणजे प्रत्येक घरात दुसरे काही लावण्याचे तीन पर्याय होते, आणि तरीही इतक्या लोकांनी स्नूकरच लावून ठेवले.