जुनी प्रोजेक्ट कार पहिल्या ट्रॅक डेसाठी तयार करताना आधी काय हाती घ्यावे?

प्रश्न : अर्धवट गॅरेज

नमस्कार मंडळी,

सवडीने दुरुस्त करत आणलेली माझी जुनी हॅचबॅक अखेर चालती झाली आहे आणि हौशी चालकांसाठीच्या एका ट्रॅक डेला (म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी चालवायला मिळते त्या दिवशी) ती न्यावी असा विचार आहे. गाडीचे वजन साधारण ११०० किलो असून इंजिन १.६ लिटरचे पेट्रोल आहे, ताकद पुढच्या चाकांना जाते, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक आहेत. इंजिन पूर्ण उघडून रिंगा, बेअरिंग, हेड गॅस्केट, टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप नवे बसवले आहेत. सस्पेन्शन मात्र मूळचेच आहे, आणि ब्रेकमध्ये ते लागतात याची खात्री करण्यापलीकडे मी काही केलेले नाही.

आता हाती काही आठवडे आणि बेताचे पैसे आहेत. उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बरचे एकत्र संच), मोकळा एक्झॉस्ट, भोके पाडलेल्या डिस्क आणि सीट बेल्टऐवजी चार पट्ट्यांचा हार्नेस अशी माझी यादी आहे. गाडीत रोल केज (उलटल्यावर छत दबू न देणारा आतला लोखंडी सांगाडा) नाही आणि सीट कंपनीचीच आहे. हे सगळे एकदम होणार नाही, तेव्हा क्रम कसा लावावा? या यादीत नसलेले पण अत्यावश्यक असे काही राहून जात आहे का? वेळ नोंदवण्याची किंवा कोणाला मागे टाकण्याची हौस नाही. दिवसभर गाडी चालवून तिच्यातूनच घरी परतता यावे एवढीच अपेक्षा आहे.

उत्तर : चौथा गिअर

तुमच्या यादीतली एकही वस्तू मी या ट्रॅक डेपूर्वी घेणार नाही. पहिला खर्च ब्रेकवर करा, आणि तोही डिस्कवर न करता ब्रेक ऑइल, पॅड आणि रबरी होस यांवर करा.

कारण साध्या हिशेबात दिसते. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ताशी १०० किलोमीटरच्या तुलनेत १४० ला ती जवळजवळ दुप्पट असते. तुमची ११०० किलोची गाडी १४० वरून ६० वर आणायची तर सुमारे ६८० किलोज्यूल ऊर्जा काढून घ्यावी लागते. दोन लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीला आणायला जवळपास तेवढीच लागते. तिचा मोठा भाग पुढच्या दोन डिस्कमध्ये उष्णता होऊन साचतो. रस्त्यावर असा ब्रेक क्वचितच दाबावा लागतो, ट्रॅकवर तो प्रत्येक फेरीत अनेकदा दाबावा लागतो, आणि मधल्या सरळ भागात डिस्क पूर्ण थंड होण्याआधीच पुढचे वळण येते.

ही उष्णता पॅडमधून कॅलिपरच्या (डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिस्टनला आणि पिस्टनमधून ब्रेक ऑइलला पोचते. डॉट ४ या प्रतीच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. डॉट ३ साठी हे आकडे २०५ आणि १४०, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८० आहेत. ऑइल हवेतली आर्द्रता सतत शोषत असते, त्यामुळे दुरुस्तीच्या काळात उभ्या राहिलेल्या गाडीतले ऑइल दिसायला कितीही स्वच्छ असले तरी ते जुनेच समजावे. सीलबंद डब्यातले ताजे डॉट ४ किंवा ५.१ भरा. नावात पाच पाहून डॉट ५ मात्र घेऊ नका. ते सिलिकोनचे असते आणि इतरांत मिसळत नाही.

दोन लक्षणांतला फरक आधीच समजून घ्या, कारण ट्रॅकवर विचार करायला वेळ मिळत नाही. पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागले तर ऑइल उकळून आत वाफ झाली आहे. पेडल घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापले आहेत. दोन्ही वेळी वेग कमी करून, आरशात मागे पाहून, सावकाश आत यावे. फरक असा की पॅड बहुधा थंड झाल्यावर पुन्हा धरतात, तर उकळलेले ऑइल बदलल्याशिवाय किंवा निदान त्यातली हवा काढल्याशिवाय गाडी पुन्हा बाहेर काढू नये.

पॅड मध्यम दर्जाचे, म्हणजे रस्त्यावरही चालतील पण जास्त उष्णता सोसतील, असे घ्या. निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना कमी धरतात, आणि तुम्हाला त्याच गाडीतून घरी जायचे आहे. अर्ध्याहून अधिक झिजलेले पॅड ट्रॅकवर नेऊ नयेत. पातळ पॅड उष्णता पिस्टनकडे लवकर जाऊ देतो. नवे पॅड मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, हळूहळू जोर वाढवत आठ-दहा वेळा गाडी जवळजवळ थांबेपर्यंत दाबून बसवून घ्या. पूर्ण थांबवू नका, नाही तर तापलेल्या पॅडचा ठसा डिस्कवर एकाच जागी उमटतो. भोके पाडलेल्या डिस्कना ट्रॅकच्या उष्णतेत भोकांपासूनच तडे जाऊ लागतात. आतून हवा खेळणारी, चांगल्या जाडीची साधी डिस्क तुमच्या गाडीला पुरेशी आहे.

मागचे ड्रम विसरू नका. ड्रम काढा, व्हील सिलिंडरच्या (ड्रमला आतून घासणारे ब्रेक शू ढकलणाऱ्या भागाच्या) टोकावरची रबरी टोपी नखाने हलकेच उचला आणि आत पाहा. थोडी धूळ असेल तर हरकत नाही, ओल असेल तर सिलिंडर गळतो आहे. पुढचे रबरी होस हाताने वाकवून बारीक भेगा शोधा, आणि कोणाला तरी पेडल जोरात दाबायला सांगून ते फुगतात का तेही पाहा.

उत्तर : तेलकट चिंधी

ब्रेकचे पूर्ण पटले. मला काळजी तुमच्या इंजिनची वाटते, कारण ते नवे बांधलेले आहे आणि त्यावर अजून फारसे किलोमीटर झालेले दिसत नाहीत. आधी साध्या रस्त्यावर, वेग आणि भार सतत बदलत ठेवून रिंगा बसू द्या. मग इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. पहिले ऑइल काढताना संपच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) नटाला आणि फिल्टरला काय चिकटले आहे ते पाहा. करडा बारीक लेप समजण्यासारखा असतो. चमकणारे कण किंवा पापुद्रे दिसले तर ट्रॅकचा बेत पुढे ढकला.

ट्रॅकवर इंजिन मरते ते बहुधा ऑइल कमी पडल्याने. लांब वळणात गाडी झुकलेली राहते, ऑइल संपच्या एका कडेला सरकते आणि खालून ऑइल ओढणारी नळी क्षणभर हवा ओढते. मोठ्या बेअरिंग खराब व्हायला तेवढे पुरते. म्हणून ऑइलची पातळी डिपस्टिकच्या वरच्या खुणेवर असू द्या, पण खुणेपलीकडे भरू नका, कारण क्रँक (इंजिनचा मुख्य फिरता दांडा) त्यात बुडाला की ऑइलला फेस येतो. डॅशबोर्डावरचा ऑइलचा लाल दिवा दाब अगदीच कमी झाल्यावर पेटतो आणि चढ्या आरपीएमवर तोवर उशीर झालेला असतो. एक्झॉस्टचे पैसे वाचणार असतील तर त्यातून ऑइलचा दाब आणि तापमान दाखवणारे गेज घ्या. तापमान १३० अंशांकडे चालले की थंड होण्यासाठी एक संथ फेरी घ्या.

कूलंटच्या काट्यावर फार विसंबू नका; अनेक गाड्यांत तो बऱ्याच मोठ्या टप्प्यात मुद्दामच मध्यावर स्थिर ठेवलेला असतो आणि हलतो तेव्हा परिस्थिती हाताबाहेर गेलेली असते. रेडिएटरचे झाकण ही स्वस्त पण हमखास दुर्लक्षित वस्तू आहे. ते सुमारे १ बार दाब धरते म्हणून आतले पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते; रबर कडक झालेले झाकण ही सवलत काढून घेते. काही आयोजक ग्लायकॉल असलेले कूलंट चालू देत नाहीत, कारण सांडल्यावर ट्रॅक निसरडा होतो. त्यांची नियमावली आधी वाचा. पेट्रोल निदान अर्धी टाकी ठेवा, वळणात तेही कडेला जाते.

यानंतर गाडी दोन-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवा आणि मग खाली शिरून प्रत्येक नट पाहा. मी आवळलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या नटावर आणि शेजारच्या पत्र्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे पाना न लावता कळते.

उत्तर : शून्य टो

कॉइलओव्हर थांबू शकतात हे मान्य, पण सस्पेन्शनकडे पाहायचेच नाही असा त्याचा अर्थ घेऊ नये. मूळचे बुश (सांध्यांतली रबरे) आणि बॉल जॉइंट किती जुने आहेत? पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे धरून हलवा. पहिल्यात खडखड असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, दुसऱ्यात असेल तर स्टिअरिंगचा रॉड. हे बदलल्यावर अलाइनमेंट करा. मर्यादित पैशात गाडीचे वागणे सर्वांत जास्त सुधारते ते इथेच, आणि या बाबतीत मी वरच्या दोघांहून थोडा जास्त आग्रही आहे.

टायरच्या कडेवर चार आकड्यांची तारीख असते; २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा वर्षांपलीकडचे टायर मी ट्रॅकवर नेणार नाही. पहिल्या वेळी चांगले साधे रस्त्याचे टायरच ठेवा. ते मर्यादेजवळ आले की किंचाळून सांगतात, आणि जास्त पकडीचे टायर बेअरिंगवर व ऑइलच्या सरकण्यावर जो ताण आणतात तो टळतो.

टायर तापला की दर १० अंशांमागे हवेचा दाब सुमारे दीड पीएसआयने वाढतो, म्हणून आत येताच गरम टायरची हवा मोजा आणि सकाळचा थंड आकडा वहीत लिहून ठेवा. टायरच्या खांद्यावर, नक्षी संपून कड सुरू होते तिथे, खडूच्या आडव्या रेघा मारा. रेघा कडेवरूनही पुसल्या गेल्या तर टायर फार दुमडतो आहे, हवा थोडी वाढवा. खांद्यावरच्याही तशाच राहिल्या तर थोडी कमी करा.

अर्धवट गॅरेज

सर्वांचे मनापासून आभार. एक्झॉस्ट आणि डिस्क यादीतून काढल्या. काल ड्रम उघडले, तर मागच्या डाव्या सिलिंडरच्या टोपीखाली स्पष्ट ओल आहे आणि ब्रेक शूच्या वरच्या टोकालाही ऑइल लागलेले दिसते. उजवी बाजू कोरडी आहे. फक्त डावा सिलिंडर बदलून शू ब्रेक क्लीनरने धुतले तर चालेल का? आणि हार्नेसबद्दल कोणी काही लिहिले नाही.

उत्तर : चौथा गिअर

दोन्ही सिलिंडर बदला. उजवाही तितकाच जुना आहे. ऑइल मुरलेले शू धुऊन चालत नाहीत, तापले की आतले ऑइल पुन्हा वर येते आणि ते चाक वेगळेच धरू लागते. शूही दोन्ही बाजूंचे एकदम बदला. हवा काढताना सर्वसाधारणपणे मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरपासून) सर्वांत दूरचे चाक आधी घेतात, परंतु पुढच्या चाकांवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत ब्रेकची दोन सर्किट तिरकी जोडलेली असतात, तेव्हा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला क्रम प्रमाण माना. शूचे अंतर नीट जुळवले नाही तर पेडलचा प्रवास लांबतो आणि ऑइलमध्ये हवा राहिल्याचा उगाच संशय येतो.

उत्तर : पिवळा झेंडा

हार्नेसविषयी माझे मत ठाम आहे : रोल केज आणि योग्य सीट नसताना तो बसवू नका. तीन बिंदूंचा मूळ पट्टा, मूळ सीट आणि छत हे एकमेकांना धरून आखलेले असतात. गाडी उलटून छत दबले तर मूळ पट्ट्यात शरीराला कडेला झुकता येते. हार्नेस ते ताठ धरून ठेवतो आणि भार डोक्यावर व मानेवर येतो. चार पट्ट्यांच्या हार्नेसमध्ये मांड्यांमधून जाणारा पट्टा नसतो, त्यामुळे समोरून धडक बसली की खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि शरीर त्याखालून पुढे घसरू शकते. पहिल्या ट्रॅक डेच्या वेगाला कंपनीचा पट्टा, नीट ओढून घट्ट केलेला, हाच अधिक सुरक्षित आहे.

ते पैसे हेल्मेटवर खर्च करा. स्नेल मानकात एसए हे मोटारींच्या शर्यतींसाठी आणि एम हे मोटरसायकलसाठी असते. एसए हेल्मेटचे अस्तर आग सहज न धरणारे असते. आयोजकांना कोणते चालते ते विकत घेण्याआधी विचारा. अग्निशामक न्यायचा असेल तर तो धातूच्या ब्रॅकेटने जमिनीला बोल्ट केलेला असावा; सीटखाली सुटा ठेवलेला सिलिंडर धडकेत स्वतःच घातक ठरतो. जॅक, स्टेपनी, पायाखालचे मॅट, दाराच्या खणातल्या बाटल्या सगळे काढा. बॅटरी हाताने हलवून पाहा, हलली तर क्लॅम्प बदला. टोइंगचा हुक आधीच लावून ठेवा. विम्याची पॉलिसीही वाचा, कारण अनेक पॉलिसींत ट्रॅकवरचे नुकसान वगळलेले असते.

चाकांचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे टॉर्क रेंचने आवळा आणि पहिल्या सत्रानंतर चाके थंड झाल्यावर पुन्हा तपासा. प्रत्येक सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न लावता घ्या. आत आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेल्या ड्रमवर शू दाबून राहिले की थंड होताना ते चिकटू शकतात आणि ड्रमही वेडावाकडा होऊ शकतो. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाला लाकडी ठोकळा लावा, आणि घरी निघण्याआधी कॅलिपरच्या खिडकीतून पॅडची उरलेली जाडी पाहून घ्या. ती अगदीच कमी असेल तर पॅडचा जुना जोड सोबत नेलेला बरा. तो बदलायचा पाना आणि जॅक गाडीतून काढलेल्या सामानात हाताशी ठेवा.