मदत हवी आहे: इंग्लंडमध्ये एजंटने घर नाकारलं, होल्डिंग डिपॉझिटही देत नाही

नमस्कार मंडळी,
आम्ही लीड्सला राहतो. नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर, मी डिपेंडंट. महिना १३०० पौंडांचं एक घर पसंत पडलं. एजंटने आठवड्याचं भाडं, ३०० पौंड, होल्डिंग डिपॉझिट म्हणून, म्हणजे घर आमच्यासाठी राखून ठेवायला, घेतलं. पगाराच्या स्लिपा दिल्या, आधीच्या मालकाचं पत्र दिलं. शेअर कोडवरून (सरकारी साइटवरून मिळणारा, व्हिसाची स्थिती दाखवणारा कोड) राइट टू रेंटची, म्हणजे इथे भाड्याने राहण्याच्या हक्काची, तपासणीही झाली, तसा ईमेल आहे. आणि मग एजंटचा फोन: मालकांना ब्रिटिश पासपोर्टवालेच हवेत. पैशांचं विचारलं तर म्हणाला, तुम्ही रेफरन्सिंगमध्ये, म्हणजे भाडेकरूच्या पगाराच्या आणि आधीच्या भाड्याच्या पडताळणीत, बसला नाहीत. लेखी काही देत नाही.

पैसे हवेतच, पण पासपोर्टचं ते वाक्य फार लागलंय. असं नाकारणं कायद्यात बसतं का? तक्रार केली तर पुढचं घर मिळताना हा आडवा येईल का? नवरा म्हणतो, सोडून दे. मला सोडायचं नाही.

प्रतिसाद
सोडूच नका. टेनंट फीज ॲक्ट, २०१९ प्रमाणे नकार त्यांच्याकडून आला तर ७ दिवसांत पैसे परत करायचे असतात. ठेवून घ्यायचे तर लेखी कारण द्यावंच लागतं, आणि कारणंही ठरलेली आहेत: तुम्ही चुकीची माहिती दिली, माघार घेतली, कागद द्यायला टाळाटाळ केली किंवा राइट टू रेंट नाही. तुम्ही लिहिलंय त्यात यातलं काहीच नाही.

राष्ट्रीयत्वावरून घर नाकारणं हा इक्वॅलिटी ॲक्ट, २०१० खाली वांशिक भेदभाव आहे. मालकाने सांगितलं म्हणून एजंट सुटत नाही.

पण हे सगळं फोनवर झालंय, म्हणून आजच एजंटला ईमेल करा: अमुक तारखेला, अमुक वाजता तुम्ही असं म्हणालात, चुकीचं असेल तर कळवा. त्यातच रीतसर तक्रार नोंदवा. ८ आठवड्यांत तड लागली नाही तर रिड्रेस स्कीमकडे, म्हणजे एजंटांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या स्वतंत्र यंत्रणेकडे, जाता येतं. प्रत्येक लेटिंग एजंटला अशा स्कीमचं सभासदत्व सक्तीचं आहे. डिपॉझिटबद्दल कौन्सिलच्या ट्रेडिंग स्टँडर्ड्सलाही (ग्राहक संरक्षण खातं) कळवा. भेदभावाचा दावा कोर्टात न्यायचा तर मुदत ६ महिन्यांची, स्कीमच्या निकालाची वाट बघत ती घालवू नका. शेल्टर ही संस्था फुकट सल्ला देते.

राहिला पुढच्या घरासाठी लागणारा रेफरन्स, म्हणजे तुमच्याबद्दलचं पत्र. तो आधीचा मालक देतो. या एजंटने तुम्हाला घर दिलेलंच नाही, तो काय देणार?

धागाकर्ती
मनापासून आभार. ईमेल आज रात्रीच लिहिते. नाव-पत्ता काढून मसुदा इथे टाकला तर कोणी नजर टाकाल का?