४ फेब्रुवारीला ७ किमी चालायचं आहे, पायाचं ऑपरेशन झालंय, लवकर सांगा

कृष्णाकाठ | १२ जानेवारी, रात्री १०:४०

मी शिक्षिका आहे, सातारा. पायाचं ऑपरेशन झालंय. ४ फेब्रुवारीला, जागतिक कर्करोग दिनाला, आठवीच्या मुलांबरोबर ७ किलोमीटर चालायचं ठरलंय आणि ते मोडता येणार नाही. कुबड्या घेऊन जमेल का? ऑपरेशननंतर कुणी एवढं चाललंय का? काखेतल्या कुबड्या बऱ्या की कोपराच्या? वॉकरने तर फाटकापर्यंत जायलाच दहा मिनिटं लागतात. डॉक्टरांना विचारलं तर "बघू" म्हणतात. मला "बघू" नकोय, मुलांना या आठवड्यात सांगायचं आहे.

पायवाट_७३ | १२ जानेवारी, रात्री ११:०५

नक्की जमेल ताई. माझा घोटा असा सुजला होता की बूट जात नव्हता. पाचव्या आठवड्यात सज्जनगडाच्या पायऱ्या चढलो. क्रेप बँडेज घट्ट बांधायचं, हातात काठी घ्यायची आणि हळूहळू जायचं. पडून राहिलं की पाय आणखी आखडतो. रस्ता कुठला आहे?

फिजिओ_मेधा | १३ जानेवारी, सकाळी ७:२०

कृष्णाकाठ, तुम्ही ऑपरेशन कसलं ते लिहिलंच नाही. कुठलं हाड? तारीख काय? आत स्क्रू आहे, प्लेट आहे की बाहेर तारा दिसतात? टाके निघाले का? पाय टेकवायला परवानगी दिली आहे का? आणि साखर, म्हणजे मधुमेह, आहे का? एवढं कळल्याशिवाय कुबडीचा प्रश्नसुद्धा सोडवता येत नाही.

पायवाट, तुमचं ऑपरेशन झालं होतं का? की लिगामेंट ताणलं होतं?

पायवाट_७३ | १३ जानेवारी, सकाळी ८:१०

लिगामेंट. ऑपरेशन नाही. पण दुखणं ते दुखणंच.

सुमनमावशी | १३ जानेवारी, सकाळी ९:४५

बाळ, डिंकाचे लाडू खा, नाचणीची आंबील घे, सकाळी कोवळ्या उन्हात पाय ठेवून बस. आमच्याकडे हाड मोडलं की हाडजोडीचा वेल वाटून लावायचे. माझ्या सासऱ्यांचा हात त्यानेच बसला.

फिजिओ_मेधा | १३ जानेवारी, सकाळी १०:०२

मावशी, नाचणी आणि ऊन चांगलंच. पण ताज्या जखमेवर, टाक्यांवर वाटलेला पाला कृपया कुणी लावू नका. जंतुसंसर्ग आतल्या स्क्रूपर्यंत गेला तर पुन्हा ऑपरेशन करावं लागतं. डिंकाचे लाडूही साखर आहे की नाही ते कळल्यावरच.

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, दुपारी १:३०

मधल्या सुट्टीत लिहितेय. हो, मी शाळेत जाते, रिक्षाने, खुर्चीत बसून शिकवते. डाव्या पायाचं करंगळीच्या बाजूचं लांब हाड. फळ्याजवळच्या ओट्यावरून पाय मुरगळला. २३ डिसेंबरला ऑपरेशन, एक स्क्रू टाकलाय. टाके निघाले. पाय टेकवायचा नाही म्हणालेत, पण टाच टेकवली तर मला काही दुखत नाही. पोवई नाका, राजवाडा, समर्थ मंदिर आणि पुढे यवतेश्वरचा घाट असा रस्ता आहे. आता तरी सांगा, कोपराच्या कुबड्या की काखेतल्या?

फिजिओ_मेधा | १३ जानेवारी, दुपारी २:१५

म्हणजे आज बरोबर तीन आठवडे झाले. ४ फेब्रुवारीला सहा आठवडे आणि एक दिवस होईल.

त्या हाडाच्या बुडाशी एक जागा अशी आहे की तिथे रक्तपुरवठा कमी पोचतो. म्हणूनच तिथलं मोडलेलं हाड उशिरा सांधतं, आणि म्हणूनच प्लास्टरवर न सोडता अनेकदा स्क्रू घालतात. स्क्रू हाडाची दोन टोकं जवळ धरून ठेवतो, सांधायचं काम हाडालाच करायचं असतं. सांधण्याआधी रोज भार पडत राहिला तर स्क्रू वाकतो किंवा तुटतो. डॉक्टर "बघू" म्हणतात, कारण एक्स-रेमध्ये नवं हाड दिसल्याशिवाय कुणीच तारीख देऊ शकत नाही.

कुबडीचं उत्तर: काखेतल्या घेतल्या तर काख आणि कुबडीचा माथा यांत दोन बोटं जागा राहिली पाहिजे. भार तळहातांवर घ्यायचा, काखेवर नाही, नाहीतर तिथली नस दबून हात बधिर होतो. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय. एका पायावर घाटात सात किलोमीटर मात्र दोन्ही प्रकारच्या कुबड्यांनी नाही.

साखरेचं तुम्ही परत लिहिलं नाहीत.

पायवाट_७३ | १३ जानेवारी, दुपारी ४:००

फिजिओ मंडळी माणसाला आधी घाबरवतात. मनाची तयारी असली की शरीर साथ देतं. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून जाते. मी तीनदा धावलोय. तिथे साठी ओलांडलेली माणसं पाहिली आहेत.

निवृत्त_मुख्याध्यापक | १३ जानेवारी, सायंकाळी ६:३०

मॅडम, वैद्यकीय प्रतिपूर्तीचा प्रस्ताव टाकलात का? डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, सगळ्यांवर डॉक्टरांची सही-शिक्का आत्ताच घेऊन ठेवा. पुढे जिल्हा शल्य चिकित्सकांकडे प्रस्ताव गेला की एका कागदासाठी महिनोन् महिने अडतो. माझ्या पत्नीच्या वेळी एक पावती फिकट पडून अक्षर गेलं होतं, तेवढी रक्कम बुडाली. झेरॉक्स आजच काढा.

अनघा_पुणे | १३ जानेवारी, रात्री ९:१०

मला एक कळत नाहीये. मोडता का येणार नाही? शाळेने सक्ती केली आहे का? एका शिक्षिकेला या अवस्थेत चालायला लावणं चूक आहे, तसं लेखी कळवा.

कृष्णाकाठ | १३ जानेवारी, रात्री १०:५५

सक्ती कुणी केलेली नाही. मीच मुलांना शब्द दिलाय. सगळं लिहिते.

माझ्या मोठ्या जाऊबाईंना गालाचा कर्करोग झाला. लहानपणापासून मशेरीची सवय. गालात पांढरा चट्टा होता, वर्षभर कुणाला दाखवला नाही. मुंबईला टाटाला नेलं तेव्हा आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत दोन महिने राहिलो. टाटाच्या रुग्णांना आणि बरोबरच्या माणसांना तिथे जागा मिळते. आमच्या शेजारी जळगावचं एक कुटुंब होतं, पलीकडे बिहारमधला एक मुलगा आणि त्याचे वडील. उपचाराला पैसे कसेबसे जमतात हो, पण परळच्या टाटाला रोज जायचं तर मुंबईत डोकं टेकायला जागा कुठून आणायची? ती जागा नसती तर आम्ही निम्म्यावर उपचार सोडून परत आलो असतो. जाऊबाई पुढे दीड वर्ष होत्या.

जून महिन्यात वर्गात हे सांगितलं. मुलांनीच ठरवलं की धर्मशाळेसाठी पैसे जमवायचे. बाई चालतील त्या प्रत्येक किलोमीटरमागे घरटी काहीतरी. मुलांनी वहीत नावं लिहून आणली. ८६ घरं. ६७ घरांनी किलोमीटरमागे १० रुपये, १९ घरांनी ५०. सात किलोमीटरचे ११ हजार ३४० होतात. वहीवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, "बाई चालणार". मी नाही चालले तर ते पैसे कुठल्या तोंडाने मागायचे?

आणि हो, साखर आहे. चार वर्षं गोळी घेते. त्याचा पायाशी काय संबंध?

फिजिओ_मेधा | १३ जानेवारी, रात्री ११:२०

ताई, फार मोठा संबंध आहे. साखरेमुळे पायाच्या नसा मंदावल्या असतील तर दुखणं कळत नाही. "टाच टेकवली तर दुखत नाही" असं तुम्ही लिहिलंत तेव्हापासून मला हीच काळजी वाटतेय. तळव्याला मुंग्या येतात का? चप्पल निसटली तर समजतं का? दुखत नाही म्हणजे हाड सांधलं, असं तुमच्या बाबतीत धरता येणार नाही. पाय गरम, लाल, सुजलेला दिसला तर न दुखताही त्याच दिवशी दाखवा. पोटरी एकाच बाजूला सुजून दुखू लागली किंवा धाप लागली तर थांबायचं नाही, थेट दवाखाना. वर्गात बसताना पाय दुसऱ्या खुर्चीवर उंच ठेवा.

साखरेचं डॉक्टरांना माहीत आहे ना? टाच टेकवता हे त्यांना सांगितलंत का?

पायवाट_७३ | १४ जानेवारी, सकाळी ६:५०

साखरेचं मला माहीत नव्हतं. माझं वरचं बोलणं मागे घेतो. ताई, टाचसुद्धा टेकवू नका.

हिशेबनीस | १४ जानेवारी, सकाळी १०:१५

पैशाबद्दल. रक्कम तुमच्या स्वतःच्या खात्यावर यूपीआयने घेऊ नका, मग ती १० रुपये असो. आमच्या मंडळाला गणपतीच्या वर्गणीसाठीही दरवर्षी कलम ४१क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी काढावी लागते. शाळेच्या नावाने जमवणार असाल तर मुख्याध्यापकांचं लेखी पत्र हवं. त्याहून सरळ म्हणजे ज्यांना जमेल त्यांनी थेट संस्थेला द्यावं आणि पावती आपल्या नावावर घ्यावी. सगळ्यांचे गोळा करून तुम्ही एकरकमी भरलेत तर पावती एकट्या तुमच्या नावाची होईल. आयकरात देणगीची वजावट हवी असणाऱ्याने २,००० रुपयांच्या वर रोख देऊ नये, आणि नवी करप्रणाली घेतली असेल तर ती वजावट मिळतच नाही.

अनघा_पुणे | १४ जानेवारी, सकाळी ११:००

सक्तीचं लिहिलं त्याबद्दल माफ करा.

पण वर्गात मुलीही आहेत तर लसीचा विचार करा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एचपीव्ही लस ९ ते १४ वयात दोन डोसांत होते. आठवीतल्या मुली अगदी त्याच वयाच्या. ११ हजार धर्मशाळेला देण्यापेक्षा पालकसभेत हा विषय घेतलात तर पुढचे रुग्णच कमी होतील.

रानजाई | १४ जानेवारी, दुपारी १२:४०

"देण्यापेक्षा" का? दोन्ही करता येतं. माझे वडील टाटाला होते. त्या वेळी आम्हाला कुणी "हे आधी टाळायला हवं होतं" म्हटलं की जीव तुटायचा. आज रात्री दादरला जो माणूस जागा शोधतोय, त्याला आज रात्रीच जागा हवी आहे.

निवृत्त_मुख्याध्यापक | १४ जानेवारी, दुपारी ३:२०

टाटा रुग्णालय १९४१ साली २८ फेब्रुवारीला सुरू झालं, सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभं केलं. दोराबजींच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या होत्या. १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाकडे आहे. मुलांना हे सांगा मॅडम, परिपाठात पाच मिनिटांत होईल. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, तेही सांगा. आणि मशेरी हा तंबाखूच आहे हे आयांना सांगायला हवं. आपल्याकडे तिला दात घासायची पूड समजतात.

झेरॉक्स काढल्यात का?

रानजाई | १४ जानेवारी, सायंकाळी ५:०५

कृष्णाकाठ, वर्गात मुलं किती? चौदा जणांनी तुमचा अर्धा अर्धा किलोमीटर वाटून घेतला तर सात पुरे होतात. बाई शेवटच्या ठिकाणी खुर्चीवर. किलोमीटर तेवढेच, पैसेही तेवढेच.

हिशेबनीस | १४ जानेवारी, सायंकाळी ५:३०

कल्पना चांगली आहे, पण वहीत "बाई चालणार" असं लिहिलंय. लोकांनी त्यावर नाव घातलंय. ८६ घरी परत जाऊन विचारायला हवं. न विचारता बदललं तर रक्कम दहा रुपये असली तरी तो शब्द मोडल्यासारखं होईल.

रानजाई | १४ जानेवारी, सायंकाळी ५:४५

दहा रुपयांसाठी आठवीची पोरं परत ८६ घरं फिरवणार? लोक समजून घेतात हो.

हिशेबनीस | १४ जानेवारी, सायंकाळी ६:१०

समजून घेतील, म्हणूनच विचारायचं. मुलं पहिल्यांदाच लोकांचे पैसे हाताळतायत. हिशेबाची सवय याच वयात लागते.

कृष्णाकाठ | १४ जानेवारी, रात्री १०:३०

तिळगूळ घ्या सगळ्यांनी. आज वर्गात कुणालाच काही सांगितलं नाही. मुंग्या येतात, हो. साखरेचं ऑपरेशनच्या वेळी सांगितलं होतं, टाच टेकवते हे नाही सांगितलं. २० तारखेला एक्स-रे आहे. मुलं ३८ आहेत. त्यांना मी किती सांगितलंय की बोललेलं पाळायचं. रानजाईंचं पटतंय, हिशेबनीसांचंही पटतंय, पण मला त्यांच्यासमोर उभं राहून हे बोलताच येत नाहीये.

सुमनमावशी | १५ जानेवारी, सकाळी ८:००

उभं नको राहू, बसून सांग. मुलांना कळतं.

कृष्णाकाठ | २१ जानेवारी, रात्री ९:५०

काल एक्स-रे झाला. हाड सांधायला लागलंय पण फट अजून दिसते. टाच टेकवायचं सांगितल्यावर डॉक्टर बराच वेळ काही बोलले नाहीत. सहा आठवडे पुरे होईपर्यंत भार अजिबात नाही, मग पुन्हा एक्स-रे, नीट असेल तर पट्ट्यांचा बूट घालून घरातल्या घरात थोडं थोडं. पायाच्या नसांची तपासणीही करायला सांगितली आहे. मेधाताई, तुम्ही तीनदा विचारलंत म्हणून हे झालं.

मुलांना बसूनच सांगितलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, मग आम्ही तुमचे पाय." सात किलोमीटर वाटून घेतले, प्रत्येक तुकड्याला दोन-तीन जण. मी घाटाच्या पायथ्याशी रिक्षात बसेन.

घरोघरी विचारायला त्यांनी तीन दिवस घेतले. ८६ पैकी ७९ घरं हो म्हणाली. तीन घरं बंद होती. चार घरांनी सांगितलं की आमचे पैसे बाईंच्याच नावाचे, त्या चालतील तेव्हा देऊ. त्यातले एक आजोबा किलोमीटरमागे ५० वाले, म्हणाले वहीतलं माझं नाव खोडू नका, दिवाळीला चालल्या तरी चालेल. वहीत त्या चौघांसाठी वेगळं पान केलंय. मुख्याध्यापकांचं पत्र मिळालं, रक्कम धनादेशाने थेट जाणार. झेरॉक्सही काढल्या सर.

आता एकच अडचण. घाटात मुलांबरोबर मोठी माणसं हवीत. आम्ही दोघीच शिक्षिका, त्यात मी ही अशी. गाड्या जोरात येतात वळणावर.

पायवाट_७३ | २१ जानेवारी, रात्री १०:०४

मी येतो. धावणाऱ्या गटातले आणखी चौघं आणतो, पट्ट्यांचे जॅकेट आहेत आमच्याकडे. वळणांवर एकेक उभा राहील. वेळ सांगा.

कृष्णाकाठ | २१ जानेवारी, रात्री १०:१२

सकाळी साडेसहा, पोवई नाका, शिवतीर्थापाशी. पाणी आम्ही आणतोय, शिट्ट्या असतील तर तुम्ही आणा.