तळ्याला लागून स्कीम येतेय, हरकत घ्यावी का?

प्रश्न: संभाजीनगरात आमच्या बागेच्या भिंतीपलीकडं, तळ्याच्या पाणथळीतच सात मजली स्कीमचा बोर्ड लागलाय. घरं पाहिजेतच हो, पण पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी असतं. काय करावं?

जालनेकर: २०१७ च्या पाणथळ नियमांत नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी पूरपातळीपासून ५० मीटरच्या आत पक्कं बांधकाम चालत नाही, पण तळं अधिसूचित, म्हणजे सरकारनं पाणथळ म्हणून जाहीर केलेलं, आहे का ते आधी बघा, नाहीतर बिल्डर तिथूनच निसटतो.

खामकाठचा: भराव टाकला की पाणी खालच्या वस्तीत घुसणार, दुसरं काय! ड्रेनेज कुठं सोडणार ते लेखी विचारा, तेच लई महत्त्वाचं.

प्रश्नकर्ता: दादा, बोर्डावर नुसतं 'लेक व्ह्यू' आहे, ड्रेनेजचं अक्षर नाही 😀 सोमवारी अर्ज टाकतो.