भावाला सिरियल मिळाली आहे, नोकरी सोडू दे का?

रंकाळावेस
नमस्कार, जरा मोठं लिहितेय पण वेळ काढून वाचा प्लीज. माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा, बीकॉम झालाय, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. कॉलेजपासून नाटकात आहे आणि गेली तीन वर्षं राज्य नाट्य स्पर्धेला आपल्या कोल्हापूर केंद्रावर त्यानं काम केलंय, एकदा अभिनयाचं प्रमाणपत्रही मिळालं. आता चित्रनगरीत शूट होणाऱ्या एका मालिकेत हिरोच्या मित्राचा रोल आलाय. महिन्याला दहाबारा दिवस लागतील म्हणाले, पण कुठले दिवस ते आदल्या रात्री कळणार, म्हणजे नोकरी सांभाळून होणारच नाही. बाबा अजिबात तयार नाहीत. रोज रात्री जेवताना हाच विषय निघतो आणि हा अर्धं ताट ठेवून उठतो, मला बघवत नाही. ॲक्टरचं करिअर म्हणजे नक्की काय असतं, आधी सिरियल मग पिक्चर असं असतं का, पैसे कसे मिळतात, नाटक सोडावं लागतं का? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी खरं खरं सांगा.

परतलेला_पेठकर
ताई, मी नऊ वर्षं मुंबईत काढून दोन वर्षांपूर्वी घरी आलोय, तेव्हा माझं ऐका. पहिलं म्हणजे 'दहाबारा दिवस' हे तोंडी बोलणं आहे, कागदावर महिन्याला किमान किती दिवस धरलेत ते विचारा. मला पण बारा सांगितलेले, पहिल्या महिन्यात बारा भरले सुद्धा, तिसऱ्या महिन्यात चार. पर डे वर काम असतं, म्हणजे बोलावलं नाही तर पैसा नाही. आणि जे होतं त्याचे पैसे साधारण 90 दिवसांनी येतात, 10 टक्के टीडीएस कापून (तो रिटर्न भरला की परत मिळू शकतो, तुमचा भाऊ अकाउंट्सचा आहे त्याला सांगायला नको). म्हणजे आज काम चालू केलं तर पहिले तीन महिने घरचंच खायचं आहे हे धरून चाला. माझे एका मालिकेचे शेवटच्या दोन महिन्यांचे पैसे आजपर्यंत आले नाहीत, फोन करून करून मी सोडून दिलं.

दुसरं, मित्राचा रोल. हिरोचं लग्न झालं की गोष्ट घरात शिरते, सासू-सुना-जावा चालू होतात आणि मित्राला सीन राहत नाहीत. ट्रॅक, म्हणजे त्या पात्राची गोष्ट, कधी बंद होईल कुणी सांगत नाही, फक्त कॉल यायचा थांबतो.

पण काम शिकायला मिळतं हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. सीनचे कागद मेकअप चालू असताना हातात पडतात, अर्ध्या तासात पाठ करायचे. माझा एक जेवणाचा सीन होता. आधी सगळ्यांचा मिळून मास्टर शॉट, मग एकेकाच्या चेहऱ्याचा क्लोजअप. कुठल्या शब्दावर मी भाकरीचा तुकडा मोडला, कुठल्या हातानं, ते प्रत्येक टेकला तस्संच पाहिजे, नाहीतर एडिटला जुळत नाही. सकाळी साडेदहाला बसलो ते लंच ब्रेकला उठलो, भाकरी वाळून पापडासारखी झालेली आणि माझं एकच वाक्य होतं, "काकी, अजून वाढा की." ते वाक्य शेवटच्या टेकला पण भूक लागल्यासारखं आलं पाहिजे. नाटकात हे कधी करावं लागत नाही, तिथं एकदा बोललं की पुढं जायचं.

नोकरी लगेच सोडू नका, आधी बिनपगारी रजा मिळते का बघा.

जुना_प्रेक्षक
माझं वय 71, मी कलाकार नाही पण नाटक-सिनेमा पोटभर बघितलाय. बाळ, तू विचारलंस ना आधी काय मग काय, तर भावाला अरुण सरनाईकांचं आयुष्य वाचायला सांग. आपल्याच कोल्हापूरचे, जन्म 1935. वडील शंकरराव सरनाईक संगीत रंगभूमीवरचे गायक नट, त्यांची स्वतःची नाटक कंपनी होती, म्हणजे घरात गाणं-बजावणं लहानपणापासून. अरुण तबला आणि पेटी दोन्ही वाजवायचे. हे का सांगतोय, तर 1962 च्या 'रंगल्या रात्री अशा' पिक्चरमध्ये त्यांना तबलजीची भूमिका मिळाली आणि ती त्यांना खोटी करावी लागली नाही, बोटं खरीच चालत होती. पुढं 'घरकुल' मध्ये "पप्पा सांगा कुणाचे" गायलेत ते पण तेच, किती जणांना आज हे माहीत नसतं. तमाशापटात नायक म्हणून गावोगावी लोकांनी डोक्यावर घेतलं तरी माणूस रंगभूमीवर काम करत राहिला, 'अपराध मीच केला' सारखी नाटकं केली. आणि 1979 ला 'सिंहासन' मध्ये मुख्यमंत्री. त्यात आवाज चढवत नाहीत, नुसतं बघतात आणि समोरचा मंत्री गप्प होतो. फेटा बांधून लावणी ऐकणारा नायक तो हाच, हे सांगितल्याशिवाय पटत नाही. 1984 ला अपघातात गेले, पन्नाशी पण नाही गाठली. अजून किती काम राहिलं असेल या विचारानं मला आजही वाईट वाटतं.

त्यामुळं सिरियल की पिक्चर की नाटक असा भेद मी करत नाही. अंगात काय काय भरून ठेवलंय ते बघतो. तुझ्या भावाला गाता, वाजवता, घोड्यावर बसता, काही येतं का? नसेल तर हे वय आहे शिकायचं.

विंगेतली
मी हौशी संस्थेत पंधरा वर्षं बॅकस्टेज करते, मेकअप आणि कपडेपट. काकांचं पटलं पण एक गोष्ट राहिली ती लिहिते. आमचा एक मुलगा दोन वर्षं मालिकेत होता, मग स्पर्धेच्या नाटकात परत आला. तालमीला आला तर आवाज तिसऱ्या रांगेपुढं जाईना. छातीला लेपल माईक लावून हळू बोलायची सवय झालेली, आणि प्रत्येक वाक्यानंतर थांबायचा, कॅमेरा आपल्या तोंडावर येईल म्हणून. आम्ही त्याला महिनाभर रोज शेवटच्या रांगेशी बोलायला लावलं. त्याच्या डोळ्यांत मात्र जे आलेलं ते आधी नव्हतं, ते कॅमेऱ्यानं दिलेलं. दोन्ही पाहिजे, म्हणून सिरियल कर पण वर्षाला एक नाटक सोडू नको, असं त्याला सांगा. व्यावसायिक नाटकात गेला तर नाईट मिळते, म्हणजे प्रत्येक प्रयोगाचं मानधन, प्रयोग झाला की पैसे हातात, तिथं 90 दिवस नाहीत.

आपलं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं त्या रात्री, 8 ऑगस्ट 2024 ला, आम्ही सगळे खासबागेजवळ रस्त्यावर उभे होतो. दुसऱ्या दिवशी संगीतनट केशवरावांची जयंती. 1915 चं, शाहू महाराजांनी बांधलेलं थिएटर, त्या रंगमंचाच्या लाकडावर मी पंधरा वर्षं अनवाणी वावरले. मोठमोठी माणसं रडत होती आणि त्यात निम्मे असे होते जे आता टीव्हीवर दिसतात. मुंबईला गेले तरी पाय तिथलेच.

रंकाळावेस
सगळ्यांचे मनापासून आभार. सगळं प्रिंट काढून बाबांना वाचायला दिलं. काकांचं लिहिलेलं वाचून बाबा म्हणाले "सरनाईकांना मी बघितलंय रे", आणि पहिल्यांदाच चिडले नाहीत. भावानं मालकांना विचारलं, सहा महिने बिनपगारी द्यायला तयार आहेत, फक्त मार्चएंडला यावं लागेल. प्रोडक्शनकडं त्यानं महिन्याला किमान दिवस आणि स्पर्धेच्या प्रयोगाची तारीख दोन्ही कागदावर मागितलंय, तारखेला ते हो म्हणाले, दिवसांचं उद्या कळवतो म्हणाले. आणि तबला शिकायचा म्हणतोय. संध्याकाळी सातनंतर मोठ्यांना शिकवणारं कुणी मंगळवार पेठेत किंवा शिवाजी पेठेत माहीत आहे का?

विंगेतली
आहे, आमच्याच तालमीला साथ करतात ते. मेसेज करते तुला, रविवारी त्याला घेऊन ये.